धरणात गेलेल्या गावाचा इतिहास जुन्या टोपोशीटवरून शोधता येतो का?

तुमचा प्रश्न असा: आजोबांचं गाव उजनीत गेलं, घरात सातबाऱ्याचे दोन उतारे सोडून काही उरलेलं नाही, तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांतून, म्हणजे टोपोशीटमधून, काही हाती लागेल का. लागतं. माझं आजोळही त्याच पाण्याखाली आहे, पळसदेवच्या पट्ट्यात, म्हणून थोडं पाल्हाळ लावतो.

आधी नकाशा कुठला ते. उजनी १९८० मध्ये पूर्ण झालं, तेव्हा त्याआधीची मोजणी हवी. 'एक इंचाला एक मैल'वाली जुनी शीट मिळाली तर सोनंच, नाहीतर १:५०,००० चं सुरुवातीचं. पळसदेवचा भाग ४७ जे/१६ क्रमांकाच्या शीटमध्ये येतो, धरणाची भिंत शेजारच्या ४७ एन/४ मध्ये. मी पहिल्यांदा फसलो तो इथंच. समासात छपाईचं वर्ष वेगळं आणि मोजणीचं वेगळं असतं. मी छपाईचं वर्ष बघून प्रत आणली, घरी येऊन उलगडली, तर आजोळाच्या जागी नुसता निळा रंग.

सर्व्हेच्या पोर्टलवर फुकट मिळतात ते नवे नकाशे, तुमच्या उपयोगाचे नाहीत. जुन्या शीटसाठी कॉलेजांच्या भूगोल विभागातली कपाटं विचारा. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले भारताचे १:२,५०,००० चे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलेत. त्यात वाड्यावस्त्या दिसत नाहीत, पण नदीचं मूळ पात्र आणि मोठी गावं दिसतात. शिवाय 'कोरोना' नावाच्या हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते ७२ मध्ये काढलेले फोटो आता खुले आहेत, तुमच्या भागाचे आहेत का ते शोधून बघा.

आता मुख्य गोष्ट. नकाशा एकट्याने वाचत बसलात तर मंदिराची खूण, विहिरीचे गोल, पोस्टाचं 'पीओ' एवढंच दिसेल. मी आमच्या गावाभोवतीचा तुकडा मोठा करून छापला आणि आजीपुढे ठेवला. तिला नकाशा वाचता येत नाही. 'ही भीमा, हे आपलं गाव, हा इंदापूरकडे जाणारा रस्ता' एवढं सांगितलं. तिने कागद फिरवून नदी स्वतःच्या समोर घेतली आणि विचारलं, "उतार कुठं दावलाय?"

मला उतार म्हणजे काय तेच कळेना. नदीत जिथं पाणी गुडघ्याएवढं असतं आणि गाडी पलीकडं काढता येते ती जागा. मग दिसलं: गावातून निघालेली गाडीवाटेची तुटक रेघ नदीपर्यंत जाते आणि समोरच्या काठावरून तशीच पुढे करमाळ्याच्या बाजूला निघते. इतके दिवस मी ती रेघ बघत होतो, पण ती नदी ओलांडते हे डोक्यात शिरलं नव्हतं. आजी त्या वाटेवर बोट ठेवत एकेक गाव सांगू लागली. इथं थोरली नणंद दिली, इथनं धाकट्या जावेला आणली. आमच्या निम्म्या सोयरिका पल्याडच्या. लहानपणापासून मला कोडं होतं, लग्नाला जाताना एवढा वळसा का घालावा लागतो. वळसा नंतरचा, आधी नुसती नदी ओलांडायची होती.

तुम्ही पण शीटवर गावठाणाआधी वाटा बघा. कुठली वाट बाजाराला जाते, कुठली स्टेशनला. आमच्याकडे डिकसळ होतं, पुण्याहून निघालेली रेल्वे १८५८ च्या अखेरीस तिथवर पोचली होती. धरणामुळे रूळ हलले आणि तिथला भीमेवरचा जुना रेल्वेपूल पुढे डिकसळ ते कोंढार चिंचोली रस्त्याचा पूल म्हणून वापरात राहिला.

जे नकाशात नाही तेही ध्यानात ठेवा. गावठाण म्हणजे लाल चौकोनांचा पुंजका. त्यात महारवाडा कुठं, मांगवाडा कुठं, पाणवठे कुणाचे वेगळे, यातलं काही कळत नाही. शेताच्या हद्दींसाठी भूमी अभिलेखकडचा गाव नकाशा घ्यावा लागतो. आणि नावं इंग्रजी कानाने लिहिलेली आहेत, आमची एक वस्ती मला तिसऱ्या वाचनात ओळखू आली.

स्कॅन करून क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर) आजच्या उपग्रहचित्रावर बसवता येतं. जुने नकाशे एव्हरेस्टच्या गोलमानावर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं माप) आहेत, ते न सांगता बसवलंत तर सगळं बाजूला सरकतं. ताळा करायला न हललेल्या गोष्टी घ्या, टेकडीचा माथा किंवा जुना पूल. सडक घेऊ नका.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली. (उणे म्हणजे कोरडी नव्हे. एकूण ११७ टीएमसीत निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी, आहे, त्याखाली गेलं की उणे मोजतात.) पळसनाथाचं मंदिर उघडं पडलं तेव्हा मी मोबाइलवर जुनं शीट टाकून गाळात चालत गेलो. विहिरीच्या गोलावर उभा राहिलो, तर पायाशी खरंच दगडी कडं होतं. फोटो आजीला दाखवला. ती म्हणाली, "ही पाटलाची. आपली हिच्या खालच्या अंगाला." शीटवर तिथं काहीच नाही.

तुमचं गाव भीमेच्या कुठल्या काठाला आणि साधारण कशाजवळ होतं ते खाली लिहा, शीटचा क्रमांक काढून देतो.