फुलपाखराचे पंख वरून भडक आणि खालून मळकट का असतात?

कारण दोन्ही बाजूंचे प्रेक्षक वेगळे असतात. पंख मिटून बसल्यावर खालची बाजू पक्ष्यांना दिसते, तर उडताना-उघडताना वरची बाजू जोडीदाराला. खालून जे बेमालूम मिसळले ते वाचले, वरून जे नजरेत भरले त्यांची जोडी जमली. पिढ्यान्‌पिढ्या हीच निवड होत गेली.

सह्याद्रीतलं ब्लू ओकलीफ जवळून बघा. पंख मिटले की चक्क वाळकं पान: मधली शीर, देठासारखं टोक, वर बुरशी लागल्यासारखे ठिपकेही. उघडले की गर्द निळं आणि त्यावर फिकट निळसर-पांढरा पट्टा. आफ्रिकेतल्या बायसायक्लस अ‍ॅनिनाना या फुलपाखरावर प्रयोगच झालेत: मादी नर निवडताना त्याच्या पंखांवरच्या डोळ्यांसारख्या ठिपक्यांतला पांढरा बिंदू पाहते.

मात्र हा नियम सरसकट लावू नका. कॉमन जेझेबेल, म्हणजे आपलं हळदीकुंकू, नेमकं उलटं: वरून साधं पांढरं-काळं, खालून पिवळं-लाल. बेचव असल्यामुळे त्याला लपायचं नसतंच, ‘मला खाऊ नकोस’ हे पक्ष्याला बसल्या जागेवरून सांगायचं असतं.