अब्जावधी ताऱ्यांपैकी एक फुटला, तर खगोलशास्त्रज्ञांना त्याचं एवढं काय?

एक तारा फुटला की जगभरच्या दुर्बिणी लगेच त्याच्याकडे का वळतात, असं तुम्ही विचारलंय. कारण असं की एरवी तारा स्वतःबद्दल फार थोडं कळू देतो. लाखो वर्षं तो जवळपास तसाच दिसतो, आणि दिसतो तोही वरवरचा. आत काय चाललंय याची गणितं आपण बाहेरून मांडत बसतो. तो फुटला की त्यातली बरीच गणितं एकदम तपासता येतात.

याचं माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे १९८७ए नावाचा स्फोट. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी आपल्या शेजारच्या मोठा मॅजेलॅनिक मेघ या छोट्या दीर्घिकेत, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर, एक अतिनवतारा (सुपरनोव्हा, म्हणजे फुटणारा तारा) उजळला. १६०४ साली केप्लरने पाहिलेल्या स्फोटानंतर नुसत्या डोळ्यांना सहज दिसलेला हा पहिलाच. सिद्धांत असा होता की अवजड ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनपासून सुरू झालेलं संमीलन (हलके अणुगर्भ जुळून जड अणुगर्भ बनणं) शेवटी लोखंडापाशी येऊन थांबतं, कारण लोखंडाच्या संमीलनातून ऊर्जा सुटत नाही, उलट खर्च होते. मग गाभ्याला आतून आधार उरत नाही, पृथ्वीएवढा गाभा सेकंदभरात आतल्या आत कोसळतो, आणि सुटलेल्या ऊर्जेपैकी जवळजवळ ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून जवळपास न अडता जाणारे अतिसूक्ष्म कण, घेऊन जातात. डोळे दिपवणारा प्रकाश हा त्यातला किरकोळ भाग! शिवाय न्यूट्रिनो ताऱ्याच्या थरांतून जवळपास सरळ बाहेर पडतात, तर स्फोटाच्या धक्क्याला पृष्ठभागापर्यंत यायला काही तास लागतात. म्हणजे न्यूट्रिनो आधी यायला हवेत.

आणि ते आधीच आले होते. जपानमधला कामिओकांडे, अमेरिकेतला आयएमबी आणि तेव्हाच्या सोव्हिएत संघातला बाक्सान या जमिनीखालच्या तिन्ही उपकरणांत त्या दिवशी काही सेकंदांत मिळून सुमारे दोन डझन न्यूट्रिनो नोंदले गेले, प्रकाश दिसण्याच्या दोन-तीन तास आधी. कोसळणाऱ्या गाभ्यातून थेट आलेला हा पहिला निरोप होता.

पण तोच तारा एका बाबतीत सिद्धांताच्या विरोधातही गेला. असे तारे फुटताना तांबडे महाराक्षसी (प्रचंड फुगलेले, थंडावलेले तारे) असतात अशी समजूत होती. जुन्या नोंदी काढल्या तर फुटलेला तारा निळा निघाला, त्यामुळे प्रारूपं नव्याने तपासावी लागली. पुढे त्याचा प्रकाश ज्या गतीने उतरत गेला ती गती किरणोत्सारी कोबाल्ट-५६ च्या ७७ दिवसांच्या अर्धायुष्याशी (तो निम्मा उरायला लागणाऱ्या काळाशी) जुळली. स्फोटात निकेल-५६ तयार होतं, त्याचं कोबाल्ट होतं आणि कोबाल्टचं लोखंड. मूलद्रव्यं स्फोटात घडतात हे यापूर्वी कागदावर होतं, इथे ते प्रत्यक्ष मोजता आलं. (सोनंही अशाच स्फोटातून येतं असं सर्रास लिहिलं जातं. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची (स्फोटानंतर उरणाऱ्या अतिघन गाभ्यांची) टक्कर नोंदली गेल्यापासून अशा जड धातूंचा मोठा वाटा त्या टकरींकडे जातो.)

अतिनवताऱ्यांचा दुसरा प्रकार वेगळाच आहे, आणि विश्वाचा आकार-विस्तार समजून घ्यायला तो जास्त उपयोगी पडला. याला आयए प्रकार म्हणतात. यात जोडीदार असलेला एक श्वेत बटू तारा, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याचं इंधन संपल्यावर उरलेला लहान, घन गाभा, फुटतो. नेमका कसा फुटतो, म्हणजे जोडीदाराकडून वस्तुमान ओढून सूर्याच्या १.४ पट या चंद्रशेखर मर्यादेजवळ पोहोचल्यावर की दुसऱ्या श्वेत बटूशी टक्कर होऊन, यावर अजून एकमत नाही. कामाची गोष्ट ही की या स्फोटांची मूळ तेजस्विता ठरवता येते. जो जास्त तेजस्वी, तो सावकाश मंदावतो. हा संबंध १९९३ मध्ये मार्क फिलिप्स यांनी नीट मांडला. दिवा किती वॅटचा आहे हे माहीत असलं की तो किती मंद दिसतो यावरून त्याचं अंतर काढता येतं, तसंच हे. त्यामुळे अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांची अंतरं हाती आली.

१९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी असे दूरचे स्फोट मोजले, विश्वाचं प्रसरण किती मंदावतंय हे पाहण्यासाठी. स्फोट अपेक्षेपेक्षा फिके, म्हणजे जास्त दूर निघाले. प्रसरण मंदावत नव्हतं, त्याचा वेग वाढत होता. हा वेग वाढवणाऱ्या अज्ञात कृष्ण ऊर्जेची चर्चा खरी सुरू झाली ती इथून. या गटांतल्या पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना २०११ चं नोबेल याचसाठी मिळालं.

राहिली मृग नक्षत्रातल्या काक्षी (बीटलज्यूस) या तांबड्या ताऱ्याची गोष्ट, कारण ‘तो उद्या फुटणार’ अशा बातम्या अधूनमधून येतात. २०१९-२० मध्ये तो मंद झाला तेव्हा त्याचं मुख्य कारण त्याने स्वतःच बाहेर टाकलेली धूळ होती. तो फुटेल, पण त्याला हजारो, कदाचित लाखभर वर्षंही लागतील. आपल्या आकाशगंगेत दुसरा एखादा तारा त्याआधी फुटू शकतो, आणि त्यासाठी न्यूट्रिनो उपकरणांचं स्न्यूज नावाचं जाळं उभं आहे. न्यूट्रिनोंचा झोत आला की प्रकाश पोहोचायच्या आत ते सगळ्यांना इशारा देईल. तो इशारा हौशी निरीक्षकांनाही मिळतो. तुमच्याकडे लहानशी दुर्बीण असेल तर त्यांच्या यादीत नाव घालून ठेवा.