खुर्चीमागचा हात कोणाचा?

प्रश्न : मृत्युदंड देण्याच्या विजेच्या खुर्चीचा शोध एडिसनने लावला का? पहिल्याच वेळी ती फसली कशी?

उत्तर : नाही, कल्पना अमेरिकेतल्या बफेलो शहरातील आल्फ्रेड साउथविक या दंतवैद्याची. एडिसनचा धंदा डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेचा, त्याचा प्रतिस्पर्धी उद्योजक वेस्टिंगहाउसचा एसी (सतत दिशा बदलणाऱ्या) विजेचा. एसी जीवघेणी ठरावी म्हणून एडिसनने हॅरल्ड ब्राउन या विद्युत अभियंत्याला आपली प्रयोगशाळा वापरू दिली. जुलै १८८८ मध्ये ब्राउनने न्यूयॉर्कमध्ये एका कुत्र्याला १,००० व्होल्टपर्यंत डीसीचे झटके दिले; तो जगला. मग ३३० व्होल्ट एसीने मेला. आधीच अर्धमेल्या जनावरावरची ही तुलना म्हणजे शुद्ध लबाडी, आणि क्रूरही. (त्याच व्होल्टला एसी हृदयाला जास्त घातक असते, हे मात्र खरे.) तुरुंगातल्या खुर्चीसाठी वेस्टिंगहाउसचेच एसी जनित्र आडमार्गाने मिळवले गेले.

६ ऑगस्ट १८९०, न्यूयॉर्क राज्यातला ऑबर्न तुरुंग. खुर्चीचा पहिला वापर. खुनाबद्दल मृत्युदंड झालेल्या विल्यम केमलरच्या डोक्याला आणि पाठीला मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजचे इलेक्ट्रोड लावले. १७ सेकंदांनी प्रवाह थांबवून त्याला मृत ठरवले. तो श्वास घेत होता! जनित्राचा विद्युतदाब पुन्हा चढेपर्यंत थांबावे लागले. दुसरा झटका मिनिटाहून लांबला. असा स्पंज सुकला की रोध (विजेला होणारा अडथळा) वाढतो, उष्णता कातडीवरच साठते आणि मांस जळते. खोलीत तोच वास पसरला होता.