उशीखालची कविता आणि आईची वही

*ताई, आई ८१ वर्षांची आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून, म्हणजे वर्षभर, वृद्धाश्रमात आहे. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आम्ही दोघंही नोकरीवर. दर रविवारी मी जाते. परवा घरच्या ग्रुपवर चुलतभावाने 'वृद्धाश्रमात वारलेल्या आजीच्या सामानात सापडलेली कविता' टाकली. 'नर्सबाई, माझ्याकडे नीट बघा' अशा अर्थाची. रात्रभर रडले. मग रविवारी आईच्या उशाशी वही दिसली, तर तिनेही लिहिलेलं! 'चारचा चहा येतो, साखर न विचारता घातलेली.' आणि खाली, 'शेजारची रात्री लेकीला हाक मारते. मी ओ देते.' मी वही गुपचूप मिटली. आईला घरी आणू का? – एक अपराधी लेक*

अहो, आधी त्या ग्रुपवरच्या कवितेचं सांगते, कारण तिनेच तुमची झोप उडवली. ती मूळ इंग्रजी कविता १९६६ च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या फिलिस मॅकॉर्मॅक नावाच्या नर्सने लिहिली, असं तिच्या मुलाने पुढे सांगितलं. एका आजींना ती इतकी आपली वाटली की त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून ठेवली. त्या गेल्यावर कागद सापडला आणि कविता त्यांचीच ठरली. म्हणजे तो शाप कुणा आईने लेकीला दिलेला नाही. रोज अंथरूण बदलणाऱ्या, घास भरवणाऱ्या एका बाईने स्वतःच्या नजरेला विचारलेला प्रश्न आहे तो. कवितेतली म्हातारी दहा वर्षांची पोर होते, सोळाची होते, विसाव्या वर्षी नवरी होते. 'मला घरी न्या' असं ती म्हणत नाही, 'मला बघा' म्हणते.

आता आईची वही. तुम्हाला तिच्यात तक्रार दिसली. मला चहाच्या ओळीत एक अगदी सरळ मागणी दिसली. आई किती साखर घेते? एक चमचा, की बिनसाखरेचा? तिथल्या मावशींना तुम्ही हे कधी सांगितलंय का? शंभरदा भेटून जे कळलं नसतं ते तिने एका ओळीत लिहून ठेवलंय. रविवारी चार वाजेपर्यंत थांबा, ट्रॉली आली की मावशींशी गोडीने बोला.

आणि दुसरी ओळ! ती वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. अंधारात कुणाची तरी आई हाक मारतेय आणि तुमची आई तिची लेक होऊन ओ देतेय. याला तुम्ही एकटेपण समजला असाल. मला वाटतं, तिला तिथे एक काम मिळालंय, आणि ते ती मनापासून करतेय.

म्हणून अपराधीपणाच्या भरात तिला जिने चढवून घरी आणू नका. घर बदलता येतं का, दिवसा बाई ठेवता येते का, हे जरूर बघा, पण आईला काय हवंय ते तिच्याच तोंडून ऐकून. आणि वही वाचल्याचं कबूल करा. न विचारता वाचली, चुकलं, असं सरळ सांगा. मग म्हणा, 'आई, मला वाचून दाखव ना.'

हात थरथरत असतील तर तिने सांगावं, तुम्ही लिहावं. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी ओव्या टिपून ठेवल्या, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक आलं आणि आपल्याला त्या मिळाल्या. तिकडे न्यूयॉर्कमध्ये केनेथ कोक या कवीनेही एका नर्सिंग होममध्ये (तिकडे वृद्धांच्या शुश्रूषेच्या जागेला असं म्हणतात) कवितेचे वर्ग घेतले. बऱ्याच जणांना पेन धरवत नव्हतं. ते बोलायचे, कोक आणि त्यांचे सोबती उतरवून घ्यायचे. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९७७ चं. दुःखाबद्दल लिहा असं त्यांनी सांगितलं नाही. रंग, समुद्र, शांतता असे विषय दिले. तुम्हीही 'इथे करमतं का?' असं विचारू नका, त्याला आया 'हो' असंच म्हणतात. तिच्या माहेरच्या विहिरीचं विचारा, पहिल्या पगाराचं विचारा.

येत्या रविवारी थोडी जाड, मोठ्या रेघांची वही घेऊन जा. आणि शेजारच्या आजींच्या लेकीचं नाव काय, तेही विचारून या. तुमची आई रोज रात्री त्या नावाला ओ देते, ते तुम्हाला माहीत हवं.