ती हवेची गादी घरीच राहू द्या

तुमचा प्रश्न वाचला आणि पाच वर्षांपूर्वीची आमची रात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे आली. चौघं मित्र, जंगलातली कॅम्पिंगची जागा, पानगळ संपत आलेली आणि हिवाळा तोंडावर. 'स्लीपिंग बॅग उणे ५ पर्यंतची आहे, खाली घरातली मोठी दुहेरी हवेची गादी टाकू, एवढं पुरेल ना?' असं तुम्ही विचारलंय. आम्हीही अगदी हेच गृहीत धरून निघालो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तंबू कसा उभारायचा, सामानात काय काय घ्यायचं, हे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात शिरत नाही.

माझं उत्तर: नाही पुरणार. बॅगेचं एक वेळ निभेल, गादीचं नाही.

आमच्याकडे हातभर उंचीची, पंपाने फुगवायची गादी होती. जमिनीपासून इतकं उंच झोपणार म्हटल्यावर थंडीचा प्रश्नच मिटला, असं सगळ्यांनाच वाटलं. संध्याकाळी हवा छान होती, ११ अंश. आकाश निरभ्र, तारे भरगच्च. रात्री दीडच्या सुमारास मला जाग आली ती पाठ गार पडल्यामुळे. छाती, पोट, पाय उबदार, आणि पाठीखाली कुणीतरी ओली फरशी सरकवल्यासारखं वाटत होतं. कूस बदलली की ती बाजू गार. गादीही मऊ पडली होती, कारण हवा गार झाली की आकसते. आम्हाला वाटलं भोक पडलं, म्हणून त्या अंधारात अर्धा तास भोक शोधण्यात घालवला.

झालं होतं ते असं. स्लीपिंग बॅग ऊब धरते ती तिच्या भरावात अडकलेल्या हवेमुळे. आपण तिच्यावर झोपलो की अंगाखालचा भराव दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि पाठीखाली नुसतं कापड उरतं. तिथे ऊब राखायचं काम मॅटचं. आणि नुसत्या हवेच्या गादीत आत काहीच नसतं. एवढ्या मोठ्या पोकळीत हवा मोकळी खेळते आणि अंगाची ऊब सतत खाली जमिनीकडे वाहून नेते. म्हणजे गादी जितकी उंच आणि आतून रिकामी, तितकी थंडीत निकामी. साधी फोमची पातळ मॅट तिच्यापेक्षा कितीतरी बरी.

मॅट घेताना तिची 'आर-व्हॅल्यू' बघा, म्हणजे ती अंगाची ऊब खाली जाण्यापासून किती अडवते याचा आकडा; जितका मोठा तितकी मॅट उबदार. साध्या बंद पेशींच्या (बारीक बंद पोकळ्यांत हवा कोंडलेल्या) फोम मॅटची साधारण २ असते. गोठणबिंदूच्या आसपासच्या रात्रीसाठी मी ४ च्या खाली जात नाही. हे माझं मत, मला थंडी जरा जास्तच वाजते. एक सोय अशी की हे आकडे बेरजेने वाढतात, एकावर एक दोन मॅट टाकल्या की दोन्हींच्या आकड्यांची बेरीज मिळते. महागडी मॅट परवडत नसेल तर खाली फोमची आणि वर साधी फुगवायची मॅट टाका. गादीचा मोह सुटतच नसेल तर तिच्यावर फोम अंथरा, पण मी तर म्हणतो ती आणूच नका.

आता तुमच्या 'उणे ५' बद्दल. बॅगेच्या लेबलवर एकापेक्षा जास्त आकडे असतात, ते नीट वाचा. 'कम्फर्ट' म्हणजे ज्या तापमानाला प्रमाण धरलेली स्त्री आरामात झोपेल ते. 'लिमिट' म्हणजे प्रमाण धरलेला पुरुष अंग आखडून कशीबशी झोप काढेल ते. 'एक्स्ट्रीम' हा तर जीव वाचण्यापुरता आकडा आहे, त्याच्याकडे बघूच नका. खोक्यावर ठळक छापलेला आकडा बरेचदा लिमिटचा असतो. शिवाय ही चाचणी पुतळ्याला अंगभर कपडे घालून, खाली मॅट टाकून करतात. मॅटच नसेल तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

आमच्यात सगळ्यात काटक म्हणवणारा मित्र सुती बनियन आणि सुती मोजे घालून झोपला होता. दिवसभर लाकडं गोळा करताना घामाने भिजलेले तेच कपडे, बदलायचा कंटाळा केला. तीनच्या सुमारास तो उठून बसला होता. मी विचारलं, काय रे, तर शब्द जड येत होते. बॅगेची चेन त्याला उघडता येईना, बोटं तिच्यावरून घसरत होती, आणि तो तिच्यावरच चिडत होता. अंग थडथडत होतं. मी डॉक्टर नाही, पण एवढं सांगतो: हुडहुडी भरणं वाईटच, पण माणूस गोंधळलेला असताना ती हुडहुडी अचानक थांबली तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नका. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की तो हायपोथर्मिया, आणि तेव्हा वैद्यकीय मदत लागते.

इथे मला त्या कॅम्पच्या कार्यालयाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. नाव घेत नाही. आरक्षण करताना फोनवर दोनदा विचारलं होतं, 'या दिवसांत सगळं सुरू असतं ना?' उत्तर आलं, 'हो हो, सगळं सुरू.' पोहोचल्यावर कळलं की पाईप गोठून फुटू नयेत म्हणून नळ आठवडाभर आधीच बंद केलेत. तेही समजून घेतलं. पण रात्री त्या गारठलेल्या मित्राला गाडीत घालून खाली न्यायचं ठरवलं, तर फाटकाला साखळी आणि कुलूप. फाटक रात्री बंद होतं हे कुणी सांगितलं नव्हतं. मोबाईलला रेंज नाही. पाटीवरच्या क्रमांकावर फोन लावायला रस्त्याने चढावर चालत गेलो, तर घंटा वाजतेय ती त्याच बंद कार्यालयात. नंतर लेखी तक्रार केली, तर 'नियमावलीत नमूद आहे' एवढं एका ओळीचं उत्तर. आत माणसं झोपलेली असताना बाहेरून कुलूप घालायचं आणि रात्री फोन उचलायला कुणी ठेवायचं नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. म्हणून तुम्ही निघण्याआधी हे तीन प्रश्न नेमके विचारा: पाणी आहे का, फाटक किती वाजता लागतं, आणि रात्री अडचण आली तर कोण येणार. 'सगळं सुरू' या उत्तरावर थांबू नका.

तो फाटकापाशीच गाडीत बसलेला असताना आम्ही त्याचे ओले कपडे काढले, कोरडे लोकरीचे घातले, डोक्याला टोपी, दोन बॅगांत गुंडाळलं आणि दोघं दोन्ही बाजूंनी चिकटून बसलो. गिळता येतंय याची खात्री करून साखर घातलेलं गरम पाणी घोटघोट दिलं. बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून काखेत धरली. हातपाय चोळले नाहीत, चोळू नयेत. दारू तर अजिबात नको, तिने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं आणि आतली ऊब निघून जाते. पहाटेपर्यंत तो सरळ बोलायला लागला. आमचं नशीब.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. गाडीकडे निघण्याआधी आमच्यातल्या एकाने शेकोटीतले निखारे पातेल्यात घालून तंबूत आणायचं सुचवलं होतं. 'धूर तर नाहीये ना,' असं त्याचं म्हणणं. मी आणू दिले नाहीत. धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत तो मरतो. तंबूची खिडकी उघडी ठेवूनही हा धोका जात नाही. शेगडी, गॅसचा हीटर, निखारे, काहीही आत नको. कितीही थंडी असो.

बाकीचं भराभर सांगतो. जागा निवडताना ओढ्याकाठचा खोलगट सपाट तुकडा टाळा, गार हवा जड असते, रात्री उतरून तिथेच साचते. आम्ही नेमके तिथे होतो आणि सकाळी तापमान उणे ३ होतं, दहिवराने गवत पांढरं झालेलं. तंबूची झडप थोडी उघडी ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ छताला गोठते आणि उजाडलं की टपकते. तोंड बॅगेत घालून झोपू नका, तीच वाफ भरावात जाते. झोपण्याआधी पोटभर खा आणि लघवीला जाऊन या, रात्री दोनदा उठण्यापेक्षा ते बरं. झोपायचे कपडे वेगळे ठेवा, ते दिवसभर अंगाला लावू नका. गॅसचा डबा नुसत्या ब्यूटेनचा असेल तर सकाळी चूल पेटणार नाही, ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायूच होत नाही. प्रोपेनचं मिश्रण घ्या, किंवा डबा रात्री बॅगेत पायाशी ठेवा. तो आगीजवळ धरून गरम करायचा मात्र नाही.

आमचे अनुभव आमच्या अंगाचे, तुमच्यातल्या कुणाला दमा, हृदयाचा किंवा रक्ताभिसरणाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जमलं तर निघायच्या आठवडाभर आधी एक रात्र गच्चीवर किंवा अंगणात त्याच मॅटवर, त्याच बॅगेत झोपून बघा. पाठ गार पडली की उठून घरात जाता येईल. मॅट कोणती घ्यायची हे ठरलं की तिचा आकडा इथे लिहा, मी बघून सांगतो.