सातशे वीस केबीत मावलेला हंगाम

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. केळीचे रोजचे भाव आणि कापणीच्या नोंदी ठेवणारे तुझे अ‍ॅप मी पाहिले. काम मन लावून केले आहेस. मात्र सोबतच्या पत्रातले एक वाक्य दोन दिवस मनातून जात नाही. जुन्या, कमी मेमरीच्या फोनसाठी आता वेळ घालवण्यात अर्थ नाही, असे तू लिहिले आहेस. त्याविषयीच मला तुझ्याशी बोलायचे आहे.

१९८८ च्या हंगामात मी धरणगाव-एरंडोल भागातल्या जिनिंगांमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरण्यांमध्ये, हिशेबासाठी एक पोर्टेबल संगणक घेऊन फिरत असे. त्याला हार्ड डिस्क नव्हती. माहिती साठवण्याच्या साडेतीन इंची चकतीचे, म्हणजे फ्लॉपीचे, दोन ड्राइव्ह होते; एकात डॉस ही संगणक चालवणारी प्रणाली आणि माझा प्रोग्रॅम, दुसऱ्यात नोंदी. एका फ्लॉपीची क्षमता ७२० केबी, म्हणजे सुमारे सात लाख तीस हजार बाइट; एक बाइट म्हणजे साधारण एक रोमन अक्षर. राज्यातला कापूस सरकारी यंत्रणेनेच विकत घेण्याचे, म्हणजे एकाधिकार खरेदीचे, ते दिवस होते, आणि दिवाळीनंतर आवाराबाहेर गाड्यांची रांग रात्रभर उभी असे. सुरुवातीला मी प्रत्येक गाडीच्या नोंदीत शेतकऱ्याचे नाव, गाव, वजन, प्रत आणि दर असे सारेच लिहीत होतो. एका नोंदीला १२८ बाइट लागत, म्हणजे एका फ्लॉपीत जेमतेम ५,७०० गाड्या. हंगाम अर्ध्यावर असतानाच ती भरली.

त्या संध्याकाळी मुनीमजींची वही माझ्यासमोर उघडी होती. रोजच्या व्यवहारांच्या रोजकीर्दीत ते शेतकऱ्याचा पत्ता लिहीत नसत. कडेला खतावणीच्या, म्हणजे प्रत्येकाच्या खात्याच्या वहीच्या, पानाचा आकडा टाकत, आणि बाकीचा तपशील त्या पानावर एकदाच असे. मी तेच केले. नाव-गावाची यादी प्रोग्रॅमच्या फ्लॉपीवर ठेवली आणि नोंदीत फक्त क्रमांक घातला. नोंद ६४ बाइटांची झाली, आणि ११,००० हून अधिक गाड्यांचा तो संपूर्ण हंगाम एका फ्लॉपीत मावला. नॉर्मलायझेशन म्हणून तुम्हाला वर्गात जे शिकवतात, ते मला लाल बासनातल्या त्या वहीने शिकवले.

जागेची चणचण एवढीच अडचण नव्हती. रुईचे तंतू ड्राइव्हच्या फटीत शिरत आणि फ्लॉपी वाचताना घरघर सुरू होई, म्हणून मी तिथे सुती फडके शिवून लावले होते. एप्रिलातल्या एका दुपारी मी यंत्र जीपच्या सीटवर विसरलो. परत येऊन चालू केले, तर सगळा पडदा शाई सांडल्यासारखा काळा. दिवसभराच्या नोंदी गेल्या असे वाटून माझे हातपाय गळाले. माठाजवळच्या गार खोलीत अर्धा तास ठेवल्यावर अक्षरे एकेक करून परत आली. द्रव स्फटिकाचा पडदा तापला की त्यातल्या रेणूंची रचना विस्कटते आणि थंड झाल्यावर ती पुन्हा जुळते, हे मला नंतर कळले. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. तुझे अ‍ॅपही त्याच उन्हात, बागेच्या बांधावर उघडले जाणार आहे.

माझ्याआधीच्या लोकांनी तर याहून कमी साधनांत काम केले. बालपण तमिळनाडूत घालवलेल्या अ‍ॅडम ऑस्बोर्न यांच्या कंपनीने १९८१ मध्ये ऑस्बोर्न १ हा संगणक आणला. त्याचे वजन सुमारे ११ किलो, मेमरी ६४ केबी, आणि पडदा ५ इंचांचा, ज्यावर एका ओळीत ५२ अक्षरे दिसत. ते यंत्र घडवणाऱ्या ली फेल्सेनस्टाइन यांनी १२८ अक्षरांची रुंद ओळ मेमरीत ठेवली आणि छोटा पडदा खिडकीसारखा तिच्यावरून सरकवण्याची सोय केली. १९८३ चा टीआरएस-८० मॉडेल १०० चार पेन्सिल सेलवर जवळपास वीस तास चाले, आणि कितीतरी पत्रकार त्याच्यावर बातमी लिहून टेलिफोनवरून पाठवत. या माणसांविषयी मला आजही मनापासून आदर वाटतो, कारण वापरणाऱ्याच्या हातात काय पडणार आहे याचा विचार त्यांनी आधी केला.

माझ्याकडून मात्र एक गोष्ट राहून गेली. माझ्या यंत्रावर देवनागरी नव्हती, त्यामुळे पावती रोमन लिपीत निघे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि मुनीमजींना विचारले, ‘‘भाऊ, यात मी कोठे आहे?’’ तो प्रश्न मी विसरलो नाही. पुढे १९९१ मध्ये जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. आज तुझ्या अ‍ॅपमध्ये त्याचे नाव त्याच्या लिपीत येते, हा बदल मला वेगापेक्षा, वजनापेक्षाही मोठा वाटतो. युनिकोडची अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘जळगाव’ लिहायला पंधरा. ते बाइट आनंदाने खर्च कर, तिथे काटकसर नको.

पण तुझे पहिले पान उघडायला सुमारे दोन एमबी उतरवावे लागतात, म्हणजे माझ्या जवळजवळ तीन फ्लॉपी, आणि त्यातला बहुतेक भाग केळीच्या घडाच्या सुंदर छायाचित्राचा आहे. केळीचा घड कसा दिसतो, हे रावेरच्या बागायतदाराला दाखवण्याची गरज नाही. त्याला आजचा भाव आधी हवा आहे. तो काही शे बाइटांत जातो. छायाचित्र काढ, कालचा भाव फोनमध्येच साठव म्हणजे रेंज नसली तरी पान कोरे दिसणार नाही, आणि कापणीची नोंद आधी फोनवर लिहून रेंज आल्यावर पुढे पाठव.

पुढच्या आठवड्यात मी सावद्याला येतो आहे. तुझ्या आजोबांचा तो जुना फोन चार्ज करून ठेव. आपण दुपारी तापीकाठच्या बागेत जाऊ आणि तुझे अ‍ॅप त्याच्यावर उघडून पाहू.

तुझा,
काका