सासूबाईंना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. मुंबई-गोवा क्रूझवर त्यांची बॅटरीवरची मोबिलिटी स्कूटर नेता येईल का, की जहाजावरच व्हीलचेअर मागावी?

नेता येते. मी नेली आहे. अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेपासून बारा किलोमीटर आत आमचं गाव. तिथून फेब्रुवारीत, तूर घरात आल्यावर, त्र्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन मी आणि माझे मिस्टर निघालो.

तुमच्या प्रश्नातलं ते "की व्हीलचेअर मागावी" वाचलं आणि जुनी जखम उघडली, म्हणून आधी त्याचंच सांगते. आमचा दादा अगदी हेच म्हणाला होता. "व्हीलचेअर तं फुकटात भेटते. ढकलाले जावई हायेच." तर ऐका, बहुतेक जहाजांवरची व्हीलचेअर ही चढण्या-उतरण्यापुरती आणि कुणाला काही झालं तर, एवढ्याचसाठी असते. ती दिवसभर तुमच्याजवळ ठेवू देत नाहीत. सहलभर हवी असेल तर स्वतःची न्या, असंच सांगतात. आणि समजा दिलीच, तरी ढकलायला माणूस लागतो. ढकलणारा आला की म्हाताऱ्या माणसाला प्रत्येक ठिकाणी जायला आधी विचारावं लागतं. तो दमला तर नाही ना, जेवला का, त्याचा चहा राहिला का, हे बघूनच तोंड उघडावं लागतं. आईनं नऊ वर्षं असंच काढलं. ओसरीवर खुर्ची, खुर्चीवर आई. पाणी आणून देत, ताट आणून देत, पोट्टे पाया पडून जात. कुणी वाईट वागलं नाही. पण तुला कुठं जायचं आहे, असं कुणी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उठावं लागलं असतं.

गुडघे कशानं गेले ते विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही. चाळीस वर्षं निंदण आणि वेचणी. सकाळी बायांनी आपापली पात, म्हणजे वाट्याची ओळ, धरायची आणि उकिडवं सरकत धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत, जायचं, तिथून दुसरी पात धरून परत. डॉक्टरांनी वाटी बदलायचं सुचवलं होतं, पण साखर आणि हृदय दोन्ही बघून तेच मग नको म्हणाले. घरातल्या घरात, भिंतीला धरून ती वीस-पंचवीस पावलं चालते. दादाचा मुद्दा हाच होता. "चालते ना थे? मंग गाडी कायले? लोक म्हनतीन ढोंग करते." वरून, अपंगाचं सर्टिफिकेट नाही तर अपंगाची गाडी कशी, हेही होतंच. अहो, स्वतःच्या पैशानं स्कूटर घ्यायला कुठलंही सर्टिफिकेट लागत नाही. सर्टिफिकेट लागतं ते सरकारी योजनेतून घ्यायची असेल तर. आणि ही गाडी मुळात थोडं चालता येणाऱ्यांसाठीच आहे. तिच्यावर स्वतः चढावं लागतं, स्वतः उतरावं लागतं. अजिबात उभं राहता येत नसेल त्याला ती उपयोगाची नाही. चष्मा लावणाऱ्याला आपण म्हणतो का, की तुला दिसतं ना थोडं, मग ढोंग कशाला?

पैसे माझे होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, वेतन आयोगाच्या फरकाचे पैसे आले होते. एक लाख दहा हजाराची घडीची स्कूटर घेतली, चार चाकांची, लिथियम बॅटरीची, वजन सत्तावीस किलो. तीनचाकी कमी जागेत वळते, पण कडेला कलंडण्याची भीती जास्त, म्हणून चारचाकी. दादा म्हणाला, तेवढ्यात गोऱ्ह्यांची जोडी आली असती. मी म्हटलं, आण की, माझ्या पैशानं नको. तिथून आमचं बोलणं जे थांबलं ते थांबलंच. त्याला गाडीचं एवढं नव्हतं. माय पोरीच्या पैशानं समुद्रावर चालली, हे चारचौघांत कसं सांगायचं, हे खरं दुखणं होतं.

शाळेच्या मैदानावर दोन रविवार शिकवलं. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, विकणारा सांगत नाही. या गाडीला वेगळा ब्रेक दाबायचा नसतो. बोटाखालची पट्टी दाबली की चालते, सोडली की जागच्या जागी थांबते. आणि घाबरलं की माणूस काय करतो? हातात आहे ते घट्ट धरतो. आई पहिल्या दिवशी घाबरली, पट्टी आणखी दाबली आणि सरळ मध्यान्ह भोजनाच्या खोलीच्या भिंतीवर. काही झालं नाही, वेग सगळ्यात कमीवर ठेवला होता. मग दोन दिवस "सोड, सोड" एवढंच म्हणायला लावलं. सासूबाईंना आधी घरी पंधरा दिवस चालवू द्या, जहाजावर शिकवायला जाऊ नका.

विदर्भ एक्सप्रेसनं गेलो. फलाटावर कुलीनं स्कूटर ओढायला सुरुवात केली तर ती हलेना, नुसती घासत चालली. बंद असली की तिची चाकं जाम असतात. मागच्या चाकाजवळ एक दांडी असते, ती पाडली की मोटर सुटते आणि गाडी हातानं ढकलता येते. पण तेव्हा तिला ब्रेकही नसतो. सपाटीवर ठीक, उतारावर ही दांडी पाडू नका. जहाजात चढायच्या उतरत्या पुलावर एका पोरानं मदत म्हणून नेमकं तेच केलं आणि गाडी रिकामीच खाली पळाली. आई तिच्यावर नव्हती म्हणून आज हे हसत लिहिते आहे. रेल्वेच्या डब्यात स्कूटर घडी घालूनही बर्थखाली बसेना, तेव्हा आईनं पिशवीतून चक्क दावं काढलं आणि स्कूटर बर्थच्या पायाला गोऱ्ह्यासारखी बांधली. दावं का आणलं होतं, तर "लागते कुठीबी."

सीएसएमटीवरून बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाज सुटतं तो धक्का, जवळच आहे, टॅक्सीनं गेलो. खरा घोळ तिथून पुढं. बुकिंग करणाऱ्या एजंटला मी तीनदा सांगितलं होतं की स्कूटर आहे. "हो मॅडम, सगळं होईल." त्यानं खोली मात्र साधीच घेतली. साध्या खोलीचं दार साधारण ५५ ते ६० सेंटीमीटर, व्हीलचेअरवाल्यांच्या खोलीचं ८० च्या वर. आमची स्कूटर ५४. दारातून जाईल, पण बोळ इतका अरुंद की दाराकडे वळायलाच जागा नाही. आणि बाहेर बोळात ठेवू देत नाहीत, कारण पळापळ झाली तर तोच रस्ता. म्हणजे दर वेळी आईला दारात उतरवा, गाडीची घडी घाला, आत घ्या. तेव्हा बुकिंग करतानाच रुंद दाराची खोली मागा आणि ती मिळाल्याचं लेखी घ्या. अशा खोल्या जहाजावर मोजक्याच असतात, उशीर केला तर संपतात. आमचा एक्स्टेन्शन बोर्डही तपासणीत काढून घेतला, उतरताना परत दिला. मग पलंगाजवळ प्लग नाही, आरशाजवळ आहे, म्हणून स्कूटर रात्रभर आरशासमोर. आई म्हणाली, नवरी दिसते.

सुटायच्या आधी धोक्याची कवायत झाली. सात छोटे भोंगे आणि एक लांब. २०१२ मध्ये इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळून कलंडलं, ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्यांची कवायतच झाली नव्हती. आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ती घ्यावीच लागते. तेव्हा स्कूटर खोलीत ठेवायची असते आणि खऱ्या धोक्यात लिफ्ट वापरायची नसते. म्हणून चढल्याबरोबर तिथल्या माणसांना सांगा की यांना जिना जमत नाही. ते नाव लिहून घेतात, माणूस नेमून देतात.

आता ज्यासाठी हे एवढं लिहायला घेतलं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर मी आंघोळीला गेले, मिस्टर डुलकी घेत होते. आईला डेकवर सावलीत सोडलं होतं, "इथंच थांब" म्हणून. परत आले तर आई नाही. स्कूटर नाही. मोबाइलला रेंज नाही, किनारा दिसेनासा झाला की ती जातेच. मी सगळीकडे पळाले. जेवणाच्या हॉलमध्ये नाही, पोहायच्या टाकीपाशी नाही. कठड्यापाशी गेले आणि खाली बघायची हिंमत होईना. कानात दादाचा आवाज, "पडली तं कोन जबाबदार?" पाऊण तास झाला असेल. शेवटी खालच्या एका मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर समोरून बोळातून आई येते आहे, सावकाश, पदर खोचलेला, मांडीवर कुणीतरी दिलेलं सफरचंद.

मी ओरडलेच. "कुठी गेली होती? हरपली असती म्हंजे?"

"मी काऊन हरपू? चहूकडून पानीच तं हाय. जाईन कुठी?"

मग कळलं. ती सगळ्यात वरच्या मजल्यापासून सुरू झाली होती. एका बाजूच्या बोळानं या टोकापासून त्या टोकापर्यंत, दुसऱ्या बाजूनं परत, मग लिफ्टनं खाली, पुन्हा तसंच. लिफ्टचं बटण दाबायला कुणीतरी भेटायचं, पुढं पुढं तीच दाबायला लागली. मला म्हणाली, "पाच पाती झाल्या. खालची एक राह्यली, थे काढून येतो." आणि गेली. मी तिथंच लिफ्टपाशी खाली बसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की आई कुठं आहे. हे मी दादाला कसं समजावू, सांगा?

गोव्यात जहाज मुरगावच्या धक्क्याला लागतं, त्यामुळं पुलावरून उतरता येतं. भरती-ओहोटीप्रमाणे पुलाचा उतार कमी-जास्त होतो, तेव्हा स्कूटर वेगळी उतरवा आणि सासूबाईंना हात धरून. लक्षद्वीपचं तिकीट काढायच्या विचारात असाल तर जरा थांबा. तिथं जहाज बेटाबाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान बोटीनं जावं लागतं, हलत्या बोटीत पाऊल टाकून. तिथं स्कूटर विसरा. परदेशातही जिथं जहाज धक्क्याला लागत नाही तिथं बहुतेक वेळा हेच.

मुंबईपर्यंत विमानानं जाणार असाल तर बॅटरीवरचे आकडे बघा. व्होल्ट गुणिले अॅम्पिअर-अवर. आमची २४ आणि १०, म्हणजे २४० वॅट-अवर. घडीच्या स्कूटरची सुटी होणारी लिथियम बॅटरी ३०० पर्यंत चालते, ती काढून जवळ केबिनमध्ये घ्यावी लागते, सामानात टाकायची नसते. विमान कंपनीला आधी कळवा. जहाजाच्या कंपनीलाही बॅटरीचा प्रकार, वजन आणि रुंदी आधीच लिहून पाठवा, एजंटच्या भरवशावर राहू नका.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. डेकवर जायच्या दारांना उंबरठा असतो. काही ठिकाणी छोटा उतार करून दिलेला असतो, काही ठिकाणी नसतो, तिथं तिरकी गाडी घातली तर कलंडते. सरळ आणि हळू. समुद्र हलत असेल तर गाडीवर बसून राहू देऊ नका, साध्या खुर्चीवर बसवा. आम्हाला फेब्रुवारीत पाणी शांत मिळालं. आणि हो, आईनं लिफ्टच्या गर्दीत एका गुजराती काकांच्या टाचेला चाक लावलं. ते चांगले होते, पण खरचटलं. ज्यांना नीट दिसत नाही, हात थरथरतात किंवा विसरायला होतं, त्यांना एकट्यानं सोडू नका. आईची नजर चांगली आहे म्हणून मी हे सगळं छातीठोकपणे सांगते. तुमच्या सासूबाईंचं तुम्ही बघा.

गावात पावसाळ्यात तिचा उपयोग शून्य, हेही मान्य. काळ्या चिखलात तिची लहान चाकं पहिल्याच फुटाला रुततात. पण चावडीपासून मारुतीच्या देवळापर्यंत सिमेंटचा रस्ता आहे, तेवढा आईला पुरतो. देवळातून ती कधी परत येईल हे आता वहिनीलाही सांगता येत नाही. न वापरताही महिन्यातून एकदा चार्ज करावी, नाहीतर बॅटरी मरते.

दादा, तुझा पोरगा हे तुला वाचून दाखवेलच. ओसरीत स्कूटरच्या समोर तुरीचे कट्टे रचले आहेत. माय तीन दिवसांपासून देवळात गेली नाही. हलव ते.